आयत्या वेळचे विषय

सभा खरी सुरू होते ती सभा संपत आल्यावर, असं नाना जामदारांचं ठाम मत होतं. त्यांनी आयुष्यभर गावच्या दूध संस्थेच्या सभा चालवल्या. आधी सचिव म्हणून, मग अध्यक्ष म्हणून. विषयपत्रिकेवरचे विषय सगळ्यांना पाठ असत. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवालाला मंजुरी देणे, असले. ते "मंजूर, मंजूर" म्हणत भराभर उरकायचे. सगळ्यात शेवटी छापलेलं असायचं, 'आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.' तिथे पोचल्यावर नाना सदऱ्याचं वरचं बटण लावत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि पुस्तकी भाषेत म्हणत, "परवानगी आहे. बोला." मग कुणाची म्हैस आटलेली असायची, कुणाचं भावाशी फाटलेलं असायचं. एकानं तर भर सभेत सांगितलं होतं की बायको माहेरी जाऊन बसलीय, संस्थेनं काहीतरी करावं. संस्थेनं केलंही. नाना स्वतः चार माणसं घेऊन गेले आणि तिची समजूत काढून आले. अर्थात दोन शिव्या नवऱ्यालाही घातल्या.

नानांच्या मुलीने, अवंतीने, हाच शेवटचा विषय आपल्या कचेरीतल्या बैठकीतून काढून टाकला. त्यासाठी तिचं कौतुकही झालं.

अवंती सांगलीतल्या पूर्वसूचना केंद्राची प्रमुख होती. नदीत, नाल्यांत, पुलांखाली बसवलेले संवेदक पाण्याची उंची सतत कळवत, आणि पाणी कुठे कधी शिरेल हे केंद्राने लोकांना वेळेआधी सांगायचं, असं काम. काम डोंगराएवढं आणि माणसं मोजकी. दर सोमवारी बैठक भरे आणि तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय पहिला. पावसाळा तोंडावर आलेला असताना एकदा निम्मी बैठक गाड्या कुणी कुठे चार्जिंगला लावायच्या यावर खर्ची पडली. बंद पडलेल्या संवेदकांचा विषय आला तेव्हा लोक खुर्च्या मागे सरकवू लागले होते. अशा वेळी अवंतीच्या कपाळाची शीर उडायला लागे.

केंद्रातला गणिती होता इक्बाल मुल्ला. मिरजेचा, बोलायला मऊ, चहा बशीत ओतून पिणारा. त्याने वर्षभर खपून एक प्रणाली तयार केली. कागदोपत्री तिचं नाव 'क्रमवार' होतं, पण पहिल्याच आठवड्यात सगळे तिला 'सभापती' म्हणू लागले. बैठकीत कुठला विषय आधी घ्यायचा हे ती ठरवणार होती.

"ताई, कुठल्याही विषयाला दोनच प्रश्न विचारायचे," इक्बालने अवंतीला समजावलं होतं. "हा आठवडाभर तसाच ठेवला तर किती बिघडेल? आणि आज त्यावर बोललो तर किती फरक पडेल? तुम्ही दूधवाल्यांच्या घरच्या, म्हणून तसंच सांगतो. गॅसवरचं दूध उतू चाललंय, तिथं धावलं पाहिजे आणि धावून उपयोगही आहे. विरजण लावलंय, ते आपलं आपण लागतंय, त्याच्याभोवती बसून चर्चा कशाला करायची? आणि नासलेलं दूध..."

"टाकून द्यायचं," अवंती म्हणाली.

"त्याचं पनीर होतं, मॅडम," संवेदकांच्या दुरुस्तीचं काम बघणारी पद्मजा शिरगुप्पे मध्येच बोलली. सगळे हसले. अवंतीही हसली.

पहिल्या उत्तराला सभापती 'बिघाड' म्हणे आणि दुसऱ्याला 'फरक'. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून मोठ्यापासून लहानापर्यंत विषय लावायचे, इतकं ते सोपं होतं. अवघड होतं ते हे आकडे मिळवणं. त्यासाठी इक्बालने सभापतीला ठिकठिकाणच्या असंख्य बैठकांची इतिवृत्तं वाचायला दिली होती आणि प्रत्येक बैठकीनंतर खरोखर काय घडलं हेही दिलं होतं. कुठला विषय पुढे ढकलल्यावर अंगाशी आला, कुठला नुसताच चघळला गेला, हे सभापतीला कळत गेलं. शिवाय दर शनिवारी संध्याकाळी तो प्रत्येकाला फोन करून विचारी, "तुमचा विषय अजून आहे का? थोडक्यात पुन्हा सांगा."

खरी गंमत या पुन्हा सांगण्यात होती. माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो हे सभापती ऐके. दुसऱ्यांदा सांगताना तपशील वाढले, तर विषय पेटतोय. शब्द जसेच्या तसे आले, तर माणूस सवयीने बोलतोय. आणि शब्द गळायला लागले, नावांच्या जागी 'ते', 'तो', 'हे आपलं' यायला लागलं, तर विषय माणसाच्या हातून सुटत चाललाय. नावं गळणं ही सगळ्यात खात्रीची खूण, असं इक्बाल म्हणे.

पहिल्याच पावसाळ्यात सभापतीने आपली किंमत दाखवून दिली. नदीचं पाणी नाल्यातून उलटं वस्तीत शिरू नये म्हणून एका ठिकाणी झडप बसवलेली होती. ती नीट मिटत नाही, असा एका ओळीचा विषय कुणीतरी घातला होता. एरवी तो शेवटी येऊन राहून गेला असता. सभापतीने तो पहिला लावला. लोकांनी नाकं मुरडली, पण चर्चा झाली आणि झडप दुरुस्त झाली. त्याच आठवड्यात पाणी चढलं. झडपेमागची वस्ती कोरडी राहिली. त्यानंतर सभापतीपुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही. अवंतीने बैठक अर्ध्या तासावर आणली आणि नियम केला, यादीतले वरचे तीन विषय घ्यायचे, बाकीचे पुढच्या सोमवारी.

त्याच पुरात दुसऱ्या एका गावचा बांध मात्र फुटला. त्या बांधाचा विषय यादीच्या तळाशी तसाच राहिला, पुढे 'फरक: शून्य'. दर सोमवारी सगळ्यांची नजर तिथे जाई आणि माणसं गप्प होत. शेवटी अवंतीने इक्बालला सांगितलं, "शून्य झालेले विषय दाखवू नकोस. काढून टाक."

"ताई, सुटलेला विषयही शून्य होतो आणि हातचा गेलेलाही शून्य होतो," इक्बाल म्हणाला. "सुटलेल्यात बिघाड शून्य, गेलेल्यात फरक शून्य. दोन्ही गुपचूप पुसले, तर कुठला कसा गेला हे कळायचं कसं?"

"कळून काय करायचंय? ज्याला इलाज नाही ते समोर ठेवून माणसांना काम करता येत नाही."

इक्बालने बशीतला चहा संपवला आणि तसं करून दिलं. त्याच दिवशी 'आयत्या वेळचे विषय' ही ओळही गेली. पद्मजाने विचारलं, "मग आयत्या वेळी काही आठवलं तर?"

"आयत्या वेळी आठवतं ते महत्त्वाचं नसतं. असतं तर आधीच आठवलं असतं," अवंती म्हणाली. हे नानांच्या कानावर गेलं तर रात्रीची भाकरी आपल्यापुढे आपटली जाईल, असंही तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

नाना तेव्हा तिच्याकडेच राहत होते. अवंतीची आई, शालनताई, तीन वर्षांपूर्वी गेली. ऐन पुराचे दिवस होते. दवाखाना केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण चार गावं एकदम हलवायची होती आणि अवंतीला खुर्ची सोडता आली नाही. ती पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. शेजारी एकटे नाना बसले होते. पाणी ओसरल्यावर अवंती रडली, तेही दोन दिवस, आणि मग पंचनाम्यांच्या कामाला लागली. गावचं घर बंद करून नाना सांगलीला आले ते तेव्हापासून. लग्न, संसार या भानगडीत अवंती पडली नव्हती, त्यामुळे घरात दोघंच. आणि दिवसभर स्वयंपाकपाण्याला कमलमावशी.

नाना अध्येमध्ये तिला विचारत, "घाईत हाईस काय गं?"

"थोडी आहे. का हो? बोला ना."

"असू दे, असू दे. पुलाजवळ किती फूट झालंय?"

ती फूट सांगे आणि चपला घाले. म्हाताऱ्या माणसाची बोलायची सवय, असं तिला वाटे. कमलमावशी एकदा म्हणाल्या होत्या, "नानांना तुमच्याशी बोलायचं असतंय, ताई." त्यावर अवंतीला आपण अपराधी असल्यासारखं झालं, आणि अपराधी वाटलं की ती लगेच व्यवस्था लावायला घेई. तिने सभापती घरी आणला. फ्रिजवर त्याची हाताच्या पंजाएवढी बोलकी डबी ठेवली आणि जाहीर केलं की दर रविवारी सकाळी घरची बैठक. शनिवारी सभापती नानांना विषय विचारणार, रविवारी पोहे खाताना वरचे तीन विषय घ्यायचे.

"माझ्या खुर्चीवर ह्याला बसीवलंस व्हय?" नाना डबीकडे बघत म्हणाले.

"तुमचं काम हलकं केलं, नाना."

"ह्याला बटण कुटं हाय लावायला?" असं म्हणून नानांनी आपल्याच सदऱ्याचं बटण लावलं. पण त्यांना मजा वाटली होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी सभा बोलावली होती.

पहिल्या रविवारी यादी आली. पाण्याचा फिल्टर. नानांच्या डोळ्यांची तपासणी. कमलमावशींची गावच्या जत्रेची सुट्टी. गावच्या घराचं गळकं छप्पर. आणि सगळ्यात शेवटी, नानांनी घातलेला विषय: 'शालनचं एक सांगणं.' सभापतीने त्यांना शनिवारी तपशील विचारला होता. नानांनी त्याला सुनावलं होतं, "ते माझ्या लेकीला सांगायचंय, तुला न्हवं." तपशीलच नाही, म्हटल्यावर सभापती तरी काय करणार? त्याने हिशेब मांडला. जी गोष्ट तीन वर्षं थांबली ती आणखी एक आठवडा थांबू शकते. बिघाड थोडा, म्हणून जागा शेवटची.

अवंतीने ती ओळ वाचली आणि तिचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

"आईनं काही सांगितलं होतं? माझ्यासाठी?"

"व्हय. जाताना." नानांनी चष्मा काढला, पुसला, टेबलावर ठेवला. "घाईत न्हाईस न्हवं?"

"नाही. बोला."

नाना बोलायला लागणार इतक्यात फोन वाजला. पद्मजा होती. वरच्या बाजूचे संवेदक एकदम मुके झाले होते आणि धरणातून पाणी सोडलं जाणार होतं. अवंती उभी राहिली. "नाना, आल्यावर बोलू. नक्की."

नाना म्हणाले, "जा तू. उभ्या उभ्या सांगायचं न्हाई ते."

ती आली तेव्हा ते झोपले होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारायचं ठरवलं होतं आणि विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. आईने जाताना काय सांगितलं असेल? तू का आली नाहीस, असं? की तू आली नाहीस तरी चालेल, असं? दोन्ही ऐकायची तिची तयारी नव्हती. पूर्वी अशी भीती माणसाला स्वतःच्या पदरात घेऊन बसावी लागे. आता सभापती होता. त्याने शेवटी लावलाय, म्हणजे विषय थांबण्यासारखा आहे, असं ती स्वतःला सांगू शकत होती, आणि तिने ते सांगितलं. विषय काही पळून जात नव्हता. दर रविवारी यादीत तो तळाशी दिसे. वरचे तीन विषय संपेपर्यंत पोहे संपत, आणि नाना म्हणत, "ऱ्हाऊ दे. फुडच्या सभेला घेऊ."

पाऊस गेला, दसरा झाला. नाना आता रिमोटला 'ते आपलं हे' म्हणत. कमलमावशींना कधी 'अगं ए' म्हणून हाक मारत. अवंतीच्या लक्षात आलं होतं, पण या वयात कोण नावं विसरत नाही? तिने घातलेला तो विषय यादीत आलाही होता, 'नानांचं विसरणं'. सभापतीने तो चक्क दुसऱ्या जागी लावला होता. त्यावर चर्चा झाली आणि ठरलं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ तेव्हा तेही विचारू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले.

मग एका रविवारी यादीत चारच विषय होते. शालनताईंचं सांगणं नव्हतं.

अवंतीला आधी हायसं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग तिने विचारलं, "नाना, तुमचा तो विषय गेला यादीतून. तुम्हीच काढलात का?"

"कुठला?"

"शेवटचा. नेहमीचा."

"आसंल," नाना हसले. "मिटला आसंल. मिटल्याबिगर जातोय व्हय विषय?"

तिला ते पटलं. नानांनी मनाशी काहीतरी ठरवलं असेल, जुनं उकरायला नको असं वाटलं असेल. पुढे एखाद्या निवांत दिवशी आपणच विचारू, असंही तिने ठरवलं. आता विषय यादीत नसल्यामुळे तो दर आठवड्याला आठवण करून देत नव्हता, इतकंच.

दिवाळीनंतर इक्बाल सभापतीची वार्षिक झाडाझडती घ्यायला बसला. वर्षभरात गळलेल्या प्रत्येक विषयाचं खरंच काय झालं हे तो तपासत होता. दुपारी तो अवंतीच्या खोलीत आला. हातात चहा नव्हता.

"ताई, घरच्या यादीतला एक विषय गळलाय. बघितलात का?"

"हो. नानांचा. मिटला तो."

"नाही." इक्बाल खुर्चीच्या कडेवर बसला. "बिघाड शून्य झाला असता तर मिटला म्हटलं असतं. बिघाड शेवटी शेवटी भराभरा चढलेला आहे. शून्य झालाय तो फरक. म्हणजे त्यावर बोलून काही उपयोग नाही, असं सभापतीचं म्हणणं."

"का पण?"

"दर शनिवारी तो नानांना विषय पुन्हा सांगायला लावतो. नानांनी त्याला मूळ गोष्ट कधी सांगितली नाही, पण तिच्या आसपासचं बोलत होते. दवाखाना, आईंचं नाव, तुमचं नाव. मग ही नावं गळत गेली." तो थांबला. "शेवटच्या शनिवारी त्यानं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, कसला विषय? त्यानं तीनदा विचारलं. तीनदा तेच. मग त्यानं तुमच्या नियमाप्रमाणे विषय काढून टाकला."

इक्बालला राहवलं नाही. "मी तेव्हाच भांडायला पाहिजे होतं, ताई. दोन शून्यं वेगळी ठेवायला पाहिजे होती."

"तू बोलला होतास," अवंती म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

ती तशीच उठून घरी आली. दारातच चप्पल न काढता म्हणाली, "नाना, आई काय म्हणाली होती? जाताना? माझ्यासाठी काय सांगितलं होतं तिनं?"

नाना बाल्कनीत ऊन खात बसले होते. ते दचकले. "कुणाची आई?"

"माझी. शालन. दवाखान्यात तुम्ही होतात तिच्यापाशी. आठवा ना, नाना."

तिचा आवाज चढला होता. नाना कावरेबावरे झाले, त्यांनी कमलमावशींकडे बघितलं. "काय पायजे म्हणतीया ही? काय हरवलंय?" कमलमावशी पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आदी बसा तरी." अवंती बसली नाही. ती आत जाऊन नळ सोडून बेसिनपाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने नळ बंद केला.

या वेळी ती योग्य डॉक्टरांकडे गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, छायाचित्रं उजेडावर धरून दाखवली. जुनं आधी टिकतं, मग तेही जातं, असं ते म्हणाले. औषधाने वेग थोडा कमी होईल. गेलेलं परत येईल का, असं तिने विचारलं. एखादा तुकडा कधीतरी वर येतो, पण त्याच्यामागे लागायचं नाही, आणि घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने मान डोलावली.

अवंतीने केंद्राचं प्रमुखपद सोडलं. तिथेच साधं काम मागून घेतलं, संध्याकाळी वेळेवर घरी येता येईल असं. प्रमुखपद पद्मजाकडे गेलं. सभापती अजून आहे, आणि त्याच्यामुळे आजही वस्त्या कोरड्या राहतात, हे अवंती स्वतःच सगळ्यांना सांगते. पण यादीत आता गेलेले विषय काळ्या अक्षरांत तळाशी दिसतात. आणि त्याच्याही खाली पद्मजाने एक जुनी ओळ परत आणली आहे. तिथे आल्यावर ती पेन खाली ठेवते आणि म्हणते, "हं, बोला." सुरुवातीला सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत बसले. हल्ली बोलतात.

घरची डबी अवंतीने फ्रिजवरून काढून टाकली. संध्याकाळी ती नानांसमोर खुर्ची ओढून बसे. मध्ये भडंगाची वाटी असे. काही विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नाना कधी म्हशींबद्दल बोलत, कधी फॅटच्या मशिनबद्दल, कधी गप्प बसत. आपल्याला ते कधी ओळखतात, कधी ओळखत नाहीत, हे तिला त्यांच्या 'तू' आणि 'तुम्ही'वरून कळे. 'तुम्ही'चे दिवस वाढत चालले होते.

एका संध्याकाळी नाना बरे वाटत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा. अवंतीला काय सुचलं कोण जाणे. ती पाठ ताठ करून बसली आणि म्हणाली, "आयत्या वेळी येणारे विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने."

नानांचा हात आपोआप वरच्या बटणाकडे गेला. त्यांनी ते लावलं. चष्मा काढून वाटीशेजारी ठेवला.

"परवानगी आहे. बोला."

'आई' म्हटलं की ते गोंधळत, म्हणून अवंतीने जपून शब्द निवडले. "शालनताईंचं एक सांगणं राहिलंय."

"व्हय," नाना म्हणाले. मग पुन्हा, जरा दुरून आल्यासारखं, "व्हय. राहिलंय खरं."

"काय म्हणाल्या होत्या त्या?"

नाना बाहेर बघत राहिले. अवंती हललीसुद्धा नाही.

"म्हणाली, पोरीला घाई नसंल तवा सांगा. उभ्या उभ्या सांगू नगा. निवांत बसली की मग सांगा, म्हणाली."

घाईत हाईस काय गं? तीन वर्षं ते हे विचारत होते. चपला घालताना, डबा घेताना, फोन कानाला असताना. ती दर वेळी खरं उत्तर देत होती, आणि ते दर वेळी शालनताईंचा शब्द पाळत होते.

"आता घाई नाही," अवंती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "अजिबात नाही. मी निवांत बसलेय. सांगा."

नानांनी तिच्याकडे बघितलं. नजर मायाळू होती. परगावाहून काम घेऊन आलेल्या माणसाकडे ते अशाच नजरेने बघत.

"तुमची न्हाई ओ. पोरीची घाई," ते समजावत म्हणाले. "ती कचेरीत असती. पुराचं काम असतंय तिच्याकडं. लई घाईत असती बिचारी."

त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि आवाज सभेचा केला.

"संबंधित सभासद हजर नाहीत. विषय पुढच्या सभेत ठेवा."

"ठेवते," अवंती म्हणाली.

"आन् तुम्ही बसा की. जायची गडबड न्हाई न्हवं?" नानांनी भडंगाची वाटी तिच्याकडे सरकवली. "येईलच ती."

अवंतीने वाटी जवळ घेतली आणि बसून राहिली.